पेंढ्याची सावली

आधी शेणवे गावच्या गोदाकाकूंचं नाव घेतो. त्यांनी हात दिला नसता तर मी आज परत जालन्याला असतो. नववीतून शाळा सोडलेल्याला सोलरचं काम पुन्हा कोण देणार?

तक्रार त्यांच्या मुलाची, प्रकाशदादांची. पावसाळ्यात बसवलेले पॅनेल थंडीत दुपारनंतर निम्मीच वीज देत होते. "सापगावला बहिणीकडं निळे हायत, मस्त चालतात. हे काळे काढून न्या." आमच्या कंपनीचे सर फोनवर एवढंच बोलले, "सेट परत आला तर तूही बॅग भर." मी अजून ट्रायलवर होतो.

मी दादांना समजावलं. निळं म्हणजे पॉली, त्याच्या सेलमध्ये सिलिकॉनचे बरेच स्फटिक असतात. काळं म्हणजे मोनो, अख्खा सेल एकाच स्फटिकाचा. तेवढ्याच जागेत मोनो जास्त वीज देतो, आणि तुमचं छप्पर लहान. त्यांना पटेना.

कारण सापडल्याशिवाय उतरायचं नाही, असं ठरवून वर चढलो. दुपार कलली आणि दिसलं. भात झोडून रचलेली पेंढ्याची उडवी, घराहून उंच. तिची सावली थेट पॅनेलवर. सर्वे पावसाळ्यात झाला, तेव्हा तिथे नुसतं गवत. आमच्याकडे भातच नाही, मला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात मी पॅनेलांच्या एका कडेला गोणपाट टाकलं. दादांच्या मोबाइलवरचा विजेचा आकडा पडला. म्हटलं, "सेल ओळीत जोडलेले असतात. स्लॅबला घमेली पुढे देतात, तसं. एकाचा हात थांबला की मागचे थांबले. निळ्यांचंही हेच होणार."

"मंग काय, उडवी डोक्यावर घेऊन फिरू?"

काकू दारात आल्या. "तू नको फिरू. मी सावड घालतंय."

सावडीत मजुरी नसते. आज तू माझ्याकडे राब, उद्या मी तुझ्याकडे. रविवारी अख्खी आळी आली आणि उडवी घराच्या उत्तरेला गेली. मीही भारे वाहिले. अंगभर खाज सुटली, बायका हसल्या. दुपार कलली, आकडा टिकला.

सर म्हणाले, "उद्या मुरबाडच्या साइटवर जा." एवढंच.

आता सर्वेला गेलो की छप्पर मोजण्याआधी विचारतो, पेंढा कुठं रचता?

सेट परत करणं काकूंना सोपं होतं. त्यांनी सावड अंगावर घेतली. पावसाळ्यात त्यांना साऱ्या आळीच्या शेतात वाकावं लागेल. मला भाताची लावणी येत नाही. शिकेन, आणि त्यांच्या जागी चिखलात मी उतरेन.