चुंबक, एक नग

शहाताच्या आईची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली, तेव्हा तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून तिने त्याचं नाव शहाता ठेवलं. शहाता म्हणजे भीक. भिकेत मिळालेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही, असं डेल्टातल्या आमच्या खेड्यांत अजून मानतात. पोर जगलं खरं, पण नावाने काही त्याचा पिच्छा सोडला नाही. विद्यापीठाच्या चाचणी केंद्रात, तळमजल्यावर, बावीस वर्षं नोकरी केली आणि बावीस वर्षं मागतच राहिला. स्वतःसाठी नव्हे हो, एका चुंबकासाठी!

माणसाहून उंच, पांढरं, तीन पायांवर उभं असलेलं पिंप. पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळीत आपलं औषध नाहीतर अर्क विरघळवून आणायचा, नळी वरून पोटात सोडायची, की आतले अणू बोलायला लागतात आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. त्या रांगेवरून कळतं, आपण बनवलंय ते नक्की काय. सात विद्यापीठांत मिळून असा हा एकच. पोरं दहा-दहा तास आगगाडीत बसून सोहागहून यायची, नळ्या छातीशी धरून. सगळी त्याला ‘अम्म शहाता’ म्हणायची, म्हणजे शहाताकाका. कामं झाली की प्रबंधात छापायची, ‘केंद्राचे आभार’. केंद्र म्हणजे काय, भिंती? पण जाऊ द्या.

हा चुंबक कधी बंद करायचा नसतो. दर आठवड्याला त्याला द्रव नायट्रोजन पाजायचा आणि दर चार महिन्यांनी द्रव हेलियम. हेलियम आटलं की आतली तार तापते, आणि मग खेळ खलास. शहाताने बावीस वर्षांत एक आठवडा चुकवला नाही, ईदलासुद्धा नाही. बायको तफीदा शेजारणींना सांगायची, “माझी सवत तळमजल्यावर राहते. गोरी आहे, जाड आहे, आणि तिला माझ्याआधी जेवायला लागतं.”

आपल्याकडे सरकारी वस्तू कोणाच्या तरी उहद्यात असते. उहदा म्हणजे सही केलीत की ती वस्तू तुमच्या मानेवर. मोडली तर चौकशी तुमची. शहाताच्या आधीचा उस्ता, म्हणजे उस्ताद, मुअव्वद निवृत्त झाला तेव्हा त्याने दोऱ्याला बांधलेली एक लोखंडी किल्ली शहाताच्या हातात दिली. म्हणाला, “आधी ही पिंपाजवळ धर. दोरा पिंपाकडे ओढला गेला तर चुंबक जिवंत. मगच सही कर. कागद खोटं बोलतो, किल्ली नाही.” शहाताने धरली. किल्ली तिरकी झाली, तेव्हा त्याने सही केली. तेव्हापासून रोज सकाळी तो ती धरून बघायचा आणि पिंपाला म्हणायचा, “सबाह अल-खैर,” शुभ सकाळ.

आता त्याला साठ वर्षं पूर्ण होत होती. त्याच्या जागी इनास आली होती, सव्वीस वर्षांची, हुशार, गरीब घरची. तीन महिने त्याने तिला जीव लावून शिकवलं. त्याची एकच इच्छा उरली होती. मुअव्वदने दिला तसा हा जिवंत चुंबक पोरीच्या हाती द्यायचा आणि घरी जायचं.

हेलियम आलं एका रविवारी. पण तपासणी समितीच्या तिघांनी माल पाहिल्याशिवाय तो कोठारातून हलत नाही, असा नियम. एक सभासद उमऱ्याच्या यात्रेला गेलेला, दुसऱ्याच्या मेहुण्याचं लग्न. कोठारवाला हाज अब्द-रब्बू खुर्ची काही सोडेना.

“हाज, ते काही तांदळाचं पोतं नाही. दिवसागणिक उडून जातं ते!” शहाता रोज जाऊन गयावया करायचा.

“उडून जाईल कुठे? दाराला कुलूप माझं आहे.”

“कुलपातून जातं, हाज!”

“मग तर चोरच म्हणायचा तो. चोराला सोडायचं का मी? चहा घे, चहा.”

सांगा आता, या उंटावरच्या शहाण्याशी काय बोलायचं?

अकरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, समिती एकदाची जमली. तिने शहाताला सरकारी गरुडाचा शिक्का आणायला प्रशासनाच्या इमारतीत पिटाळलं. नियमात होतं, ‘माल प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावा’. म्हणून यांनी टाकीची वरची झडप सताड उघडली. पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर आला तसे तिघेही ‘या साऽतिर’, देवा वाचव, करत बाहेर पळाले. अब्द-रब्बूने दार ओढून कुलूप ठोकलं आणि व्हरांड्यात बसून लिहिलं, ‘माल पाहिला. परिमाण पूर्ण.’ शिक्का घेऊन शहाता धापा टाकत परत आला, तर सगळे घरी. पुढे शुक्रवार, शनिवार सुट्टी.

रविवारी कुलूप निघालं तेव्हा झडप तशीच उघडी होती. शहाताने टाकी मोजली. तळाला जेमतेम ओलावा, आणि तोंडाशी हवेचाच बर्फ होऊन बूच बसलेलं.

“पूर्ण लिहिलंय,” अब्द-रब्बू म्हणाला, “तर पूर्णच आहे.”

शहाता केंद्रप्रमुख डॉ. मुमताज यांच्या दारात चार तास उभा राहिला. ते म्हणाले, “नवीन अर्ज कर. पुढच्या वर्षाच्या योजनेत घालू.” चुंबकाकडे तीन दिवसांचं हेलियम होतं.

बुधवारी दुपारी पिंपाने एक लांब, घोगरी आरोळी ठोकली आणि खोली पांढऱ्या धुक्याने भरली. शहाताने इनासला आणि सोहागच्या दोन पोरांना ढकलत बाहेर काढलं. धुकं विरल्यावर तो एकटा आत गेला आणि त्याने दोरा धरला. किल्ली सरळ खाली लोंबली. साठीचा माणूस, जमिनीवर बसून हुंदके देऊन रडला. चिठ्ठ्या लावलेल्या एकेचाळीस नळ्या रांगेत तशाच राहिल्या.

त्याने शपथ घेतली की उहदा सोपवताना सगळं लिहून देईन. झडप कोणी उघडली, कुलूप कोणी लावलं, सगळं. बारा दिवसांनी समिती आली. तीच ती समिती, आणि यादी वाचायला अब्द-रब्बू.

“चुंबक, एक नग, पांढरा. आहे?”

“आहे,” शहाता म्हणाला. “पण मेलाय. तसं लिही.”

“उभा आहे का?”

“उभा आहे.”

“मग मेला कसा? हे बघ अम्म शहाता, कागदात मेलेल्याला रकाना नाही. मेला लिहिलं की मारला कोणी, हा प्रश्न येतो. उहदा तुझा. चौकशी दोन वर्षं चालेल, तोवर पेन्शन नाही. तफीदाबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी आहे म्हणालास?”

शहाताने पेन घेतलं. मग त्याने ‘चालू स्थितीत सुपूर्त’ या ओळीखाली सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचीच त्याला लाज वाटली.

अब्द-रब्बूने कागद इनासकडे सरकवला. चुंबक बंद पडलाय हे तिला ठाऊक होतं, ती तिथेच तर होती. पण उहदा मानेवर कसा बसतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चुंबक शिकवताना शहाताचं तेवढंच राहून गेलं होतं.

तिने पेन उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं. “अम्म, चालू लिहिलंय यात. करू ना सही? मला यातलं काही कळत नाही, तुम्ही म्हणाल तसं.”

किल्ली शहाताच्या कोटाच्या खिशात होती. तिच्यावर त्याची मूठ होती.

“कर, पोरी,” तो म्हणाला. “सही कर.”