फ्रीजरचा वरचा कप्पा

आमच्या मोठ्या जाऊबाईंना कुणी ‘सोडून द्या’ म्हटलं आणि त्यांनी सोडलं, असं भिलाईच्या आमच्या नेहरू नगरात आजवर घडलेलं नाही. इथून समुद्र गाठायला आगगाडीत अख्खा दिवस जातो. बाईंनी मात्र पन्नाशीच्या तोंडावर पीएच.डी.ला विषय घेतला तो कोकणच्या खडकांवरच्या, तिथले लोक आवडीने खातात त्या समुद्री गोगलगायींचा. कुठल्या किनाऱ्यावरची गोगलगाय कुणाची नातलग, हे त्या डीएनएवरून शोधतात. स्वतः अंडंही खात नाहीत, पण आमच्या फ्रीजरचा वरचा कप्पा गोगलगायींच्या मांसाच्या तुकड्यांनी भरलेला असे. सासूबाईंनी एकदा निर्वाणीचं विचारलं, मटार राहतील की हे? "मटार सुपेल्याच्या बाजारात रोज भेटते, आई," म्हणत बाईंनी मटारच बाहेर काढले. नागपूरचा एक पाहुणा "तुम्ही तं आता हिंदीवाले झाले" म्हणाला, तर गोगलगायीची पिल्लं प्रवाहाबरोबर कुठवर वाहत जातात आणि कुठल्या खडकाला आपलं मानतात, हे त्यांनी त्याला जेवण संपेपर्यंत ऐकवलं. त्याने श्रीखंड दुसऱ्यांदा मागितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र बाका प्रसंग आला. संगणकावर प्रत्येक गोगलगायीचा एक ठिपका होता. जवळच्या नात्यातले ठिपके जवळ. सगळ्यांचा एकच घोळका, फक्त एका लहानशा खाडीतले दूर कोपऱ्यात. त्यांचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "ते नमुने खराब झालेत. काढून टाका, यंदाच पदवी मिळेल."

बाई रागावल्या की पुस्तकी मराठी विसरतात. "कावून काढू, सर? रायपूरले नेऊन दोनदा तपासले. खराब नाही ते, येगळे हायेत! लोकायनं तिथले सारे खाऊन टाकले, तं दुसरीकडून नाही यायचे!"

"मग ताजे आणून सिद्ध करा. पण पदवी लांबेल."

"लांबू द्या!"

फ्रीजरमधले होते ते सगळे तुकडे तपासण्यातच संपले होते. त्याच आठवड्यात बाई एकट्या कोकणात निघून गेल्या.

शेजारच्या काकूंनी फाटकातूनच सासूबाईंना विचारलं, "या वयात एकटी गेली? डोकं खराब झालं का सुनेचं?"

"खराब नाही झालं," सासूबाई म्हणाल्या. "येगळं हाय."

मग आत येऊन त्यांनी वरच्या कप्प्यात मी ठेवलेले मटार बाहेर काढले. "तिले जागा लागन," म्हणाल्या. बाई अजून तिकडेच आहेत, आणि तेव्हापासून तो कप्पा रिकामाच आहे. घरात कुणी वाद घालत नाही, आणि मला अजिबात करमत नाही.