न्हाणीमागची गोल वेल

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, पण आमच्या न्हाणीमागच्या शेवग्यावर चढलेल्या वेलीचं नाव मी शेजाऱ्यांना कधी धड सांगितलं नाही. कोकणातल्या मैत्रिणीनं दिलेली ती रानटी व्हॅनिला. पानं नाहीतच, नुसती हिरवी, रसरशीत कांडी. दर पेऱ्याला मूळ फुटायचं आणि त्या मुळानं ती झाडाला घट्ट धरायची. औरंगाबादच्या कोरड्या हवेत ती जगली हेच नवल. आठ वर्षं मी फुलाची वाट पाहिली. आलंच तर ते सकाळी उमलणार आणि दुपारी मिटणार.

शेजारच्या मावशी सोयगावकडच्या. राहायला आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, ही मोडलेलं हाड सांधायची कांडवेलच ना? मला कॉलेजला उशीर होत होता. कोण समजावत बसणार? हो म्हटलं आणि रिक्षात बसले.

नवव्या उन्हाळ्यात कळ्यांचा घोस आला. मी इतकी हुरळले की घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं. चारच दिवसांनी कॉलेजातून येऊन बघते तर वेल छाटलेली, घोस गायब. माझं टाळकं सरकलं. मावशींच्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. कांडवेल चौकोनी असते, तिला दोऱ्यासारखे तणावे असतात, ही गोल आहे, एवढंही दिसत नाही का?

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, मला बी गोलच दिसली. पर तुमी शिकलेल्या, हो म्हनल्या व्हत्या. म्हनलं, हिची जात येगळी आसंल."

मावशींचे यजमान, काका, आदल्या दिवशी ओट्यावरून घसरले होते. मनगट सुजलं म्हणून मावशींनी वेल वाटून बांधली होती. आत जाऊन पाहिलं तर पट्टी सोडलेली, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालभडक आणि बारीक फोड. व्हॅनिलाच्या रसानं अंगाची आग होते, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आले होते.

फुलाचं मग काही वाटेना. लाज मात्र फार वाटली. घाईत खोटं बोलले होते, हे मी दोघांना सांगून टाकलं. काका कण्हत होते. मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग आता काय लावू, ताई?" त्यांनी मलाच विचारलं.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "डॉक्टरांकडं चला."