आत्याबाईंचा जर्मनचा डोंगा

आत्याबाई आपल्या डोंग्यात बसलेल्या कुणालाही, मग तो गावचा पाटील का असेना, पाण्यात उतरायला लावत. वर्धा नदीच्या आमच्या काठाजवळ उन्हाळ्यात खडक उघडे पडत. तिथं पोचलं, की त्या वल्हं उचलून धरत आणि म्हणत, "उतरा." ओझं कमी झालं, की डोंगा वर उचलला जाई आणि खडकावरून अलगद सुटे.

डोंगा जर्मनचा होता. अॅल्युमिनियमला आमच्याकडे हेच नाव. दुसरं महायुद्ध संपल्यावर बडनेऱ्याला लष्कराचा जुना माल लिलावात निघाला, तेव्हा गावातल्या माळ्यांनी मिळून तो घेतला आणि विधवा आत्याबाईंच्या हाती सोपवला. सगळ्यांची वांगी-मेथी त्यातूनच पलीकडच्या बाजाराला जाई. लाकडाला खडक लागला तर ओरखडा पडतो. हा पातळ पत्रा फाटला असता, आणि त्याला डाग देऊन सांधणारा कारागीर पार अकोल्यापर्यंत सापडत नव्हता.

म्हणून त्यांनी जुनी मोट उसवली, तिच्या चामड्याला करडईचं तेल पाजलं आणि ते डोंग्याच्या बुडाखालून ओढून दोरांनी आवळलं. पहिल्या वर्षी चामडं तसंच बांधलेलं राहिलं. आत शिरलेल्या रेतीनं पत्रा घासून काढला. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या चामडं सोडून धूत. "खडक दिसते तरी," त्या म्हणत, "रेती लपून खाते."

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, बायजाचं, लग्न ठरलं. वरात पलीकडून यायची होती. मी अमरावतीहून सुटीवर आलो होतो. पहिल्या खेपेला नवरदेव आणि त्याचे वडील यांच्यासोबत डोंग्यात मीही होतो. खडक आले. आत्याबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, जोडे हातात घ्या अन् उतरा."

"आमी वरात घेऊन आलो, म्हशी धुवाले नाही!"

"म्हशी असत्या तं न सांगता उतरल्या असत्या."

व्याह्यांचा चेहरा लाल झाला. "मंग डोंगा फिरवा. ऱ्हाऊ द्या लगन."

काठावर वाजंत्री वाजत होती. आत्याबाईंनी खरंच वल्हं फिरवायला घेतलं. "पोरीले दुसरा नवरा भेटंल. गावाले दुसरा डोंगा कोन देते?"

नवरदेवानं मुंडावळ्या कानामागे सारल्या, धोतर खोचलं आणि तो पाण्यात उतरला. "या बाबा," तो म्हणाला, "पानी गार आहे." व्याही पुटपुटत उतरले. मागोमाग मीही उतरलो. जावयानं डोंग्याला खांदा दिला. आत्याबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "कडेनं धर. बुड घासू देऊ नको."

यंदा चैत्रात आत्याबाई गेल्या. मी त्यांच्याबद्दल काहीतरी लिहितो आहे, हे कळल्यावर बायजा म्हणाली, "दादा, ते नदीतलं जरूर लिव्हजो. आईनं माहं लगन मोडाले काढलं होतं, हे समजलं तवा मी तिच्याशी बोलत नव्हती. पन हे पान्यात उतरले ना, तं संसारात कशाले मागं सरतीन? मले आईनं पारखून देला नवरा."