पर्वताचा श्वास

तो ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या कंपनीवर माझा पहिल्यापासून राग होता. सात राज्यं, चार देवता, पडकी देवळं, बर्फाचे डोंगर असं एवढं मोठं जग त्यांनी उभं केलं, आणि त्या जगातली जादू नेमकी कशी चालते ते कुठेच धड सांगितलं नाही. इथे शिलालेखाचा एक तुकडा, तिथे कुणा म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या तोंडी अर्धं वाक्य, बाकी तुमचं तुम्ही बघा. पत्र लिहिलं तर उत्तर नाही. मग जगभरातले माझ्यासारखे लोक इंटरनेटवरच्या एका फोरमवर जमायचे आणि त्या तुकड्यांवरून तासन्‌तास काथ्याकूट करायचे. मंत्राची शक्ती देवतेकडून येते की मातीतून, यावर मी माणसांना एकमेकांशी कायमचं बोलणं सोडताना पाहिलंय. त्यात मीही होते, आणि चांगलीच होते.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी नाशिकहून रोज एसटीनं पिंपळगाव बसवंतला जायचे, एका द्राक्षांच्या पॅकहाउसच्या ऑफिसात. जानेवारी ते एप्रिल मान वर करायला फुरसत नसायची. मे लागला की पॅकिंगच्या बायका आपापल्या गावी जायच्या आणि आवारात उरायचे ते कोल्ड स्टोरेजमधले बेदाण्याचे बॉक्स, ते थंड ठेवणारी मशीन, मशीनचा ऑपरेटर आणि मी. गावात लोडशेडिंग असलं तरी आमच्याकडे जनरेटर होता. परदेशातल्या मेलसाठी घेतलेलं ब्रॉडबँडही होतं. घरी यातलं काहीच नव्हतं, म्हणून मी दुपारचा डबा खाऊन झाला की ऑफिसातच खेळायला बसायचे. काम अर्धं टाकून कधी खेळले नाही. मालकांना तसं सांगायची वेळ आली नाही, पण इथे सांगून टाकते.

खेळात मी वैद्यीण होते. माझ्या टोळीतले बाकीचे लढायचे, मी मागे उभी राहून मंत्रानं त्यांच्या जखमा भरायचे. उत्तरेकडच्या एका पर्वतावर आम्ही रोज जायचो आणि तिथे माझा मंत्र मधूनच चालायचा नाही. मंत्र म्हटला, हातातून प्रकाश निघाला, तरी समोरचा आपला गडी मरून पडलेला. अर्धा-पाऊण मिनिट असं चालायचं, मग सगळं पूर्ववत. तोवर टोळी गारद आणि शिव्या मला. झोपली होतीस का, मांजर की-बोर्डवर बसलं होतं का, असलं काहीबाही. तळपायाची आग मस्तकात जायची. मी झोपले नव्हते. माझी बोटं वेळेवर पडली होती.

मग मी ठरवलं, याचा छडा लावायचाच. त्याच पर्वताच्या पायथ्याशी एक फुटका शिलालेख होता, त्यावर पर्वत श्वास घेतो तेव्हा सगळ्यांनी गप्प राहावं अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जादू पर्वतातून येत असणार, आणि पर्वत श्वास आत ओढत असेल तेवढा वेळ मंत्राला काही मिळत नसणार. मी एक जुनी वही घेतली आणि दीड महिना रोज दुपारी मंत्र कधी अडला ती वेळ लिहून ठेवली. दोन वाजून आठ मिनिटं, दोन चोवीस, दोन एकेचाळीस. ऊन कडक असलं की पर्वत जास्त वेळा श्वास घ्यायचा, ढगाळ दिवशी कमी. खरं म्हणजे इथेच मला शंका यायला हवी होती. खेळातल्या डोंगराला पिंपळगावच्या उन्हाशी काय देणंघेणं? पण नाही. मी त्यावरही उपपत्ती लावली की देवता खेळणाऱ्याच्या भूमीतलं ऋतुमान जाणते.

शब्दकोश जवळ घेऊन मी तीन आठवडे इंग्रजीत तो लेख लिहिला. शिलालेख, पुजाऱ्याचं वाक्य, माझ्या वेळा, सगळं एकात एक गुंफलं. फोरमवर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक तुटून पडले.

त्यात एक जण होता, त्याला मी मनात आकडेवाला म्हणायचे. कुठल्या देशाचा ते त्यानं कधी सांगितलं नाही. जादू वगैरे काही नसतं, सगळा हिशोब असतो, असं त्याचं एक पालुपद. त्यानं माझ्या लेखाखाली एकाच ओळीत लिहिलं, 'तुमचं इंटरनेट अडखळतंय.' मला ते असं झोंबलं की विचारू नका. मी त्याला सोलून काढलं. इंटरनेट अडखळतं तर शिलालेख कशाला कोरला? इंटरनेट अडखळतं तर उन्हाळा-पावसाळा कसा ओळखतं? तो एक ओळ लिहायचा, मी दोन पानं. बाकीच्यांनी माझी बाजू घेतली. आमच्याकडेही असंच होतं, असं देशोदेशीचे लोक लिहू लागले. शेवटी आकडेवाला गप्प झाला आणि फोरम चालवणाऱ्यांनी माझा लेख सगळ्यांच्या वर कायमचा चिकटवला. नवीन माणूस आला की त्याला सांगायचे, आधी हा वाच.

हे माझ्यासाठी काय होतं ते कसं सांगू? ऑफिसात मला कुणी कशाबद्दल मत विचारत नसे. 'हे टाइप कर' आणि 'ते फॅक्स कर', संपलं. घरी लग्न सोडून दुसरा विषय नव्हता. तिथे मात्र लोक माझ्या नावाची वाट बघायचे. वाद पेटला की कुणीतरी म्हणायचं, थांबा, वैद्यीणबाई काय म्हणतात बघू. एसटीत खिडकीशी बसून ओझर येईपर्यंत मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायचे आणि मला बरं वाटायचं.

पुढच्या मे महिन्यात कोल्ड स्टोरेजच्या तपासणीसाठी जुन्या नोंदी कम्प्युटरवर चढवायचं काम आलं. ऑपरेटर रोज रजिस्टरमध्ये मशीन चालू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ आणि आतलं तापमान लिहायचा. मी टाइप करत होते. चालू, दोन आठ. चालू, दोन चोवीस. चालू, दोन एकेचाळीस. माझे हात थांबले. ड्रॉवरमधून माझी वही काढली आणि शेजारी ठेवली. एक पान, दुसरं पान, तिसरं. एखाद्या मिनिटाचा फरक सोडला तर दोन्हीकडे त्याच वेळा होत्या.

ऑपरेटर माझ्यापेक्षा वयानं दुप्पट, मशीनवर आयुष्य गेलेला माणूस. त्याला हाक मारून विचारलं.

"आत गरम झालं का मशीन आपोआप चालू व्हते, ताई," तो म्हणाला. "उन्हाचं लय येळा. आन्‌ ती चालू झाली का तुमच्या त्या नेटच्या डबड्याचा दिवा लुकलुकतो थोडा टाइम."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फोनवाल्यांनी तुमच्या नेटची तार मशीनच्या मोटारीच्या वायरीला खेटून आणली ना. मला वाटलं तुम्हाला माहीत हाय. दिवा तुमच्याच टेबलावर हाय."

दिवा माझ्याच टेबलावर होता. दीड महिना मी त्याच्या वीतभर अंतरावर बसून घड्याळ बघत होते. बरं, खेळातल्या बाजारात, जंगलात, होडीतसुद्धा तो अडकायचा. तिथे अडकला की मी म्हणायचे, नेट गेलं. पर्वतावर अडकला की वही उघडायचे.

त्या आठवड्यात मी धड जेवले नाही. गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण लोक माझ्या लेखावरून एकमेकांशी भांडत होते, आणि मी ज्याला चार लोकांत मूर्ख ठरवलं त्याची ती एक ओळ अक्षर न अक्षर खरी होती. झोप लागेना. शेवटी लिहिलं. बेदाणे, मशीन, तार, दिवा, रजिस्टरमधल्या वेळा, काही लपवलं नाही. नाव घेऊन आकडेवाल्याची माफी मागितली. हसं होणार, नाव जाणार, हे धरूनच बटण दाबलं.

हसलं कुणीच नाही. हसले असते तर परवडलं असतं. ही तिची भाषाच नव्हे, म्हणाले. बेदाण्याच्या गोदामातून कुणी हा खेळ खेळतं का? तिचं खातं कुणीतरी चोरलंय, नाहीतर कंपनीनं तिच्यावर दबाव आणलाय, म्हणजे सिद्धांत खराच आहे! माझी कबुली चेष्टामस्करीच्या विभागात हलवली गेली आणि माझं खातं माझ्याच सुरक्षेसाठी बंद करण्यात आलं. मी पत्रावर पत्रं लिहिली. त्यांनी ओळख पटवायला सांगितलं. ओळख कशानं पटवू? रेशनकार्डावर वैद्यीण लिहिलेलं नव्हतं.

चिडून मी दुसऱ्या नावानं खातं उघडलं. कुणा नवख्यानं विचारलं होतं, पर्वताचा श्वास म्हणजे काय? मी लिहिलं, काही नाही, मूळ नोंदींचा अर्थच चुकीचा लावलाय, ते इंटरनेट अडखळणं आहे.

दहा मिनिटांत उत्तर आलं. आकडेवाल्याचं. आता तो सिद्धांताचा सगळ्यात कडवा समर्थक झाला होता. मधल्या काळात त्यानं स्वतःकडच्या वेळांचे तक्तेसुद्धा बनवले होते. त्यानं लिहिलं, 'मीही एकेकाळी असंच म्हणायचो. वैद्यीणबाईंनी माझे डोळे उघडले. आधी त्यांचा लेख नीट वाच, मग बोल.'

स्क्रीनकडे बघून मी मोठ्यानं शिवी दिली. मग त्याला खोडून काढायला माझाच लेख उघडला. कुठे बोट ठेवता येतं ते शोधत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मी त्यात कुणालाही एकही फट ठेवली नव्हती.