पॅरामॅटाचे राय मंडळ

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दर शनिवारी त्याच चार खुर्च्यांवर तीच चार माणसे बसू लागली, की ते आपोआप साचतात आणि एक दिवस कोणीतरी म्हणते, "काका, लिहून ठेवा ना हे!" आमच्यात असे म्हणणारा केदार. पुण्याचा, येथे सिडनीच्या पॅरामॅटा उपनगरात एका बँकेच्या आयटी विभागात नोकरीला.

आमचे मंडळ येथील वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरते. दुपारी दोन तास आम्ही राय ऐकतो. राय हे अल्जीरियातील ओरान शहराच्या परिसरात वाढलेले लोकप्रिय गाणे. ते स्थलांतरितांबरोबर फ्रान्सला गेले आणि तेथून जगभर. मंडळ चालवणारा बशीर मूळचा ओरानचाच. सिडनीत बसचालक म्हणून निवृत्त झाला. त्याची पत्नी झोहरा पुदिन्याचा चहा आणते. चौथा मी.

*

पहिल्या दिवशी मी तयारीनिशी गेलो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयांतून झाले. त्यामुळे विषय न वाचता कोठे जाण्याची मला सवय नाही. 'राय' म्हणजे अरबीत 'मत'. त्यात बासरीच्या जागी अकॉर्डियन कसे आले, पुढे सिंथेसायझर कसा आला, हे सर्व मी वीस मिनिटे क्रमवार सांगितले.

बशीरने मान न हलवता ऐकले. मग अत्यंत आदराने विचारले, "उस्ताद, ह्यातले एखादे गाणे आपण ऐकले आहे?"

ऐकले नव्हते!

*

बशीर आणि झोहरा ह्या देशात उतरले तेव्हा सामानात एक चामड्याचा डफ, पिशवीभर कॅसेटी आणि झोहराच्या माहेरच्या अंजिराचे एक कलम होते. विमानतळावरील अधिकाऱ्याने डफ उलटासुलटा करून पाहिला, चामड्यात कीड नाही ह्याची खात्री केली आणि परत दिला. कलम मात्र ठेवून घेतले. परदेशी रोपे येथे आत येऊ देत नाहीत.

झोहरा हे अजून विसरलेली नाही. बशीरने डफ हातात घेतला, की ती चहा ओतता ओतता म्हणते, "झाड अडवलं. आणि हा आवाज सोडला!"

*

केदार आला तो पुस्तक परत करायला. गाणे कानावर पडले आणि तो खोलीत घुसलाच. "काका, हे तर आमच्या शाळेच्या गॅदरिंगचं गाणं! हिंदी पिक्चरमधलं! ह्यांनी चक्क ढापलंय, यार!"

मी त्याला बसवले आणि कालक्रम समजावून सांगितला. ढापले होते हे खरे, परंतु उलट दिशेने. केदार इतका ओशाळला, की त्याने सर्व हिंदी चित्रपटसृष्टीच्या वतीने बशीरची क्षमा मागितली.

"नो वरीज, मेट," बशीर म्हणाला. "आमच्या गायकाने ते एका म्हातारीकडून उचलले होते. तिचे नाव आमच्याही कॅसेटवर नाही."

*

शब्द कळल्याशिवाय गाणे ऐकणे मला पटत नाही. म्हणून प्रत्येक गाण्यानंतर मी वही उघडून बशीरला अर्थ विचारी. पहिले गाणे पावसाविषयी निघाले. दुसरे वाऱ्याविषयी. तिसरे उन्हाळा लांबल्याविषयी. अकरा गाणी झाल्यावर मी म्हणालो, "ओरानच्या लोकांना हवामानाची फारच काळजी दिसते."

झोहराला हसू आवरेना. "दारू आणि बायका," ती म्हणाली, "अकराच्या अकरा!"

बशीर लाल झाला. "उस्ताद, आपण वयाने मोठे. आपल्यासमोर ते शब्द मी तोंडातून कसे काढू? आमच्याकडे थोरला भाऊ खोलीत आला, की आम्ही रेडिओ बंद करतो. बाप आला, तर खोलीच सोडतो."

माझ्या लहानपणी रेडिओवर लावणी लागली आणि वडिलांच्या वहाणा वाजल्या, की आमचाही हात बटणाकडेच जाई. मी वहीत 'हवामान' खोडले नाही.

*

गेल्या मार्चमध्ये बशीरने मंडळ बंद करायचे म्हणून खोलीची किल्ली ग्रंथपालबाईंपुढे ठेवली. त्याचा थोरला भाऊ लार्बी कायमचा त्याच्याकडे राहायला येत होता. वडील लवकर गेले. बशीरला त्यानेच वाढवले.

"काका, ह्याला समजवा ना," केदार म्हणाला. "सांगायचं लायब्ररीत जातो म्हणून. सिंपल!"

"त्याच्याशी खोटे बोलू?" बशीर म्हणाला. "आणि खरे तरी कोणत्या तोंडाने सांगू? आठवडाभर मी ह्या दोन तासांची वाट पाहतो. पण तो मला बापाच्या जागी आहे."

शेवटचा शनिवार ठरला, तोवर लार्बी येऊन पोहोचलाही होता. आम्ही नुकतेच बसलो होतो, आणि दारात लार्बी उभा! घरी एकट्याला करमेना, म्हणून शेजाऱ्याला पत्ता विचारत आला होता. पांढरी मिशी, कोटाची सारी बटणे लावलेली. त्याने टेबलावरचा डफ पाहिला. कॅसेटी पाहिल्या. एक उचलून त्यावरचे नाव वाचले आणि जागच्या जागी ठेवली.

बशीर उभा राहिला होता.

मी लार्बीला माझी खुर्ची दिली. त्याने मान लववून ती घेतली, उचलली, बाहेर नेऊन मार्गिकेत मांडली आणि बाहेरून दार ओढून घेतले.

केदारने दाराच्या काचेतून डोकावले. "बसलेत, काका. भिंतीकडे तोंड करून."

बशीर कॅसेटच्या यंत्रासमोर नुसता बसून राहिला. बटण दाबेना.

मग दारावर टकटक झाली. झोहराने फटीएवढे दार उघडले. लार्बीने धाकट्या भावाकडे पाहिले नाही. तो झोहराशी दोन वाक्ये बोलला आणि दार पुन्हा ओढून घेतले.

झोहराने आम्हा दोघांसाठी ती इंग्रजीत सांगितली.

"म्हणतात, त्याला सांग, दार बंद आहे. आता कशाची वाट पाहतोय?"