अजून दोन पानं

बापूंना माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नसत, जागेवरून येत. कलकत्त्यात आमच्या बेहाला बाजारात कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्याशी ते रोज दहा मिनिटं बोलत, पण तोच माणूस बसमध्ये शेजारी येऊन बसला तर परक्यासारखे सरकून त्याला जागा देत. आमच्याच वरच्या मजल्यावर बावीस वर्षं राहिलेले घोषबाबू एकदा त्यांना हावड्याला तिकिटाच्या रांगेत भेटले. बापूंनी त्यांना बेहाल्याची बस कुठून सुटते, कुठे उतरायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. घोषबाबूंनी निमूट ऐकून घेतलं आणि संध्याकाळी जिन्यात म्हणाले, "मास्टरमोशाय, तुम्ही सांगितलेली बस मिळाली बरं का."

आईही यातून सुटली नव्हती. ती माहेराहून परत येणार म्हणून बापू तिला आणायला हावड्याला गेले आणि तिच्या शेजारून तीनदा गेले. ती ट्रंकेवर बसून शांतपणे पाहत होती. चौथ्या वेळी तिनंच हाक मारली. पुढे घरी कुणीही आलं की ती हे सांगायची, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "यांना मी ओट्याशीच ओळखू येते. जरा बाहेर पडले की परस्त्री."

बापू यावर ओशाळत नसत. "चेहरा बदलतो," ते म्हणत. "जागा बदलत नाही."

बेहाल्यातल्याच एका शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. मुलं त्यांच्या लेखी बाकं होती. तिसऱ्या बाकावरचा डावा हुशार, खिडकीजवळचा शेवटचा आळशी. एकदा सातवीच्या मुलांनी ठरवून जागा बदलल्या. बापूंनी पूर्ण तास हुशार मुलाला रागावत आणि आळशी मुलाला शाबासकी देत काढला. घंटा झाल्यावर कुणीतरी खरं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "आज पाऊण तास त्या वर्गात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं." आई आणि मी हसलो. मी जरा जास्तच हसले.

घरातला फोटोंचा अल्बम त्यांना तोंडपाठ होता तो याच पद्धतीनं. आजोबा नोकरीसाठी साताऱ्याकडून कलकत्त्याला आले, ते इथलेच झाले. गावाकडून कुणीही आलं की ते त्याला स्टुडिओत घेऊन जात. पाहुणा परत गेला की भेटेलच असं नाही, फोटो मात्र राहील, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये एकच खुर्ची, एकच कुंडी आणि मागे रंगवलेला तोच तलाव, आणि पुढे माणसं बदलत गेलेली. खुद्द आजोबांचा फोटोही तिथलाच. हातात जाड पुस्तक आहे, ते स्टुडिओचं. आजी खुर्चीमागे उभी आहे आणि तिचा एक हात दिसत नाही, कारण पदराला मागून टाचणी लावली होती आणि ती सुटू नये म्हणून तिनं ती धरून ठेवली होती. हे फोटोत कुठेही दिसत नाही. बापूंनी सांगितलं म्हणून मला माहीत.

काळी जाड पानं, मध्ये जाळीचा पातळ कागद, फोटोंना चार कोपरे चिकटवलेले. कुठेही एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. आजीनं बापूंना लहानपणी अल्बम पाढ्यांसारखा शिकवला होता. एकेक पान उलटायचं, बोट ठेवायचं, नाव घ्यायचं. बापू तो तसाच म्हणत, चष्मा काढून, बहुधा डोळे मिटून. "सातवं पान, डावा वरचा कोपरा. भागीरथीआत्या. अंगावरचे दागिने शेजारणीचे. त्याखाली तिचे यजमान, फोटोनंतर चौथ्या महिन्यात गेले. समोरच्या पानावर राघू आचारी. हा आपल्या नात्यातला नाही, पण आजोबांना तापात यानं सांभाळलं."

मला याद्या करायची सवय शाळेपासूनची. बापू मला 'मॉनिटर' म्हणत. सॉल्ट लेकच्या ऑफिसातही माझं काम तेच, कुठली वस्तू कुठे आहे ते मला विचारायचं. मी त्यांना अनेकदा म्हटलं, "बापू, नावं मागे लिहून ठेवू या. पेन्सिलनं, हलक्या हातानं."

"लिहिलं की पाठ करायचं राहतं, मॉनिटर."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

"जागा कशी विसरेन?"

वर्षातून एकदा या पाठांतराचा खरा उपयोग होई. सर्वपित्री अमावास्येला, म्हणजे इथल्या महालयाला, सकाळी सकाळी बापू गंगेवर तर्पणाला जात. आई थकल्यावर सोबतीला मी जाऊ लागले. पिशवीत तीळ, दर्भ, टॉवेल, कोरडं धोतर, थर्मास. घाट माणसांनी भरलेला असे. लोक बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव घेत, तीन पिढ्या करून वर येत. बापू कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून उभे राहत आणि अख्खा अल्बम उलटत. एकेका नावाला वेगळी ओंजळ. ज्यांना मूलबाळ झालं नाही ते, ज्यांचे वंश पुढे कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही ते, राघू आचारी. भटचारजीमोशाय आमचे नेहमीचे पुरोहित. त्यांच्यामागे पुढची माणसं ताटकळत असत. ते दरवर्षी विचारत, "आर कोतो, मास्टरमोशाय?" अजून किती?

बापू डोळे न उघडता सांगत, "अजून दोन पानं."

एका वर्षी भटचारजीमोशायांनी सुचवलं की ज्यांची नावं घ्यायची राहिली त्या सगळ्यांसाठी मिळून एक मंत्र आहे, एका ओंजळीत सगळ्यांना पोचतं. बापूंनी मान हलवली. परत येताना बसमध्ये मला म्हणाले, "पंगतीत नाव घेऊन आग्रह केला तर माणूस पोटभर जेवतो. दारातून 'या सगळे' म्हटलं तर कोण येतं?"

आई गेल्यावर मी बापूंच्या घरीच राहायला आले. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर कपाट आवरताना दिसलं की अल्बमला बुरशी लागली आहे. मागच्या चार पानांना वाळवीही. बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि ते चार दिवस दवाखान्याजवळ माझ्या मावसबहिणीकडे राहणार होते. मी रजा टाकली. कागदावर कामं लिहिली: फोटो सोडवणे, पुसणे, स्कॅन करणे, क्रमांक देणे, नवीन अल्बममध्ये लावणे. पाचही कामं चार दिवसांत झाली.

क्रमांक दिले ते फोटो जसे सुटत गेले तसे. जे हलकेच निघाले ते आधी, जे वाफ देऊन सोडवावे लागले ते नंतर. एकूण एकसष्ट. मग पारदर्शक प्लास्टिकच्या पानांत लावले: लग्नाचे एकत्र, लहान मुलांचे एकत्र, जोडप्यांचे, एकेकट्यांचे. वहीत तक्ता आखला. क्रमांक, प्रकार, स्थिती, नाव. नावाचा रकाना रिकामा ठेवला, तो बापूंबरोबर बसून दर रविवारी भरायचा होता. जुनी काळी पानं ओली, किडकी होती. रद्दीवाला हाक मारत आला तेव्हा वर्तमानपत्रांबरोबर देऊन टाकली. ती द्यायच्या आधी पानांचा एक फोटो मोबाईलवर काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. तो माझ्या यादीत नव्हता.

बापू आले. नव्या डोळ्यानं त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर खुर्चीवरून वाचता येत होतं. मी नवीन अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. सभ्यपणे पाहत होते, दुसऱ्याच्या घरचा अल्बम पाहावा तसे.

"छान लावलंयस," ते म्हणाले. "कुणाचे आहेत?"

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, "आपलेच. पुसले म्हणून उजळ दिसतात."

ते पानं उलटत राहिले. सातव्या पानाशी थांबले आणि डाव्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एका बाळाचा फोटो होता. बोट तिथेच राहिलं. "भागीरथीआत्या कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"असेल, बापू. एकेकट्यांच्या फोटोंत बघू या."

एकेकट्या बायकांचे अकरा फोटो होते. प्रत्येकीच्या अंगावर दागिने, शेजारी तीच कुंडी. बापूंनी अकराही पाहिले. मग जुना अल्बम मागितला, आणि मी तो कुठे गेला ते सांगितलं. त्यांनी अल्बम मिटून हळूच टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी लगेच म्हटलं, "फोटो राहू देत. तुम्ही नुसतं म्हणा, मी लिहिते." त्यांनी डोळे मिटले. पहिली पाच पानं घडाघड म्हटली. सहाव्यावर अडखळले, मागे गेले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. पुढच्या आठवड्यात चार पानं आली, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. "डोळे मिटले की तुझं प्लास्टिक दिसतं," ते म्हणाले. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं, म्हणून सांगितलं.

मग मी माझ्या परीनं शोध सुरू केला. फोटोंच्या पाठीला चिकटून आलेले काळ्या कागदाचे तुकडे जुळवले, वाळवीच्या भोकांचा माग काढला. माझ्या मुलानं बंगलोरहून मोबाईलवर काहीतरी बसवून दिलं, ते चेहरे ओळखतं. मोबाईलनं एका मिनिटात दाखवलं की सतरा नंबरची बाई आणि चव्वेचाळीस नंबरची म्हातारी एकच आहे. बापूंना हे जन्मात जमलं नसतं. मग त्यानं खाली चौकट उघडली आणि विचारलं, ही कोण?

रविवारी आम्ही बसतच होतो. त्या हिवाळ्यात अचानक काम भराभर होऊ लागलं. बापू प्रत्येक फोटोला नाव सांगू लागले, न थांबता, गोत्रासकट, एखादी गोष्टही जोडून. तक्ता भरत आला, मी खूश होते. एका रविवारी पडताळणीसाठी म्हणून मागचेच दहा फोटो पुन्हा दाखवले. नऊ नावं वेगळी आली. मी वही मिटली.

"बापू, हे खरं आहे का?"

"तू एवढी आखून बसतेस," ते म्हणाले. "रिकामा रकाना बरा दिसत नाही."

मी ती सगळी नावं खोडली. खात्रीचे चौदा फोटो उरले. त्यात आजी आणि आजोबा आहेत, कारण त्यांना मी ओळखते.

मागच्या महालयाला बापू शेवटचे गंगेवर आले. पाण्यात उतरायला मी एका बाजूनं धरलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी. मग आणखी चार. मग थांबले. ओठ हलत होते, ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून जात होतं, ते पुन्हा भरून घेत होते. मागची माणसं थांबली होती. भटचारजीमोशायांनी या वेळी फार हळू विचारलं, "आर कोतो, मास्टरमोशाय?"

बापूंनी डोळे उघडले. "जानी ना," ते म्हणाले. माहीत नाही.

पुरोहितांनी त्या एका मंत्राची आठवण करून दिली. बापूंनी हात जोडले आणि नको म्हणाले. वर येऊन पायरीवर बसले. मी त्यांच्या अंगावर टॉवेल घातला. समोर शेकडो माणसं पाण्यात उभी होती, आणि ते त्यांच्याकडे, एकेकाकडे, शोधल्यासारखं पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं. तसंच. मी पायरीवर जागा बदलून त्यांच्या उजव्या हाताला बसले, जेवताना बसते तशी. "मॉनिटर," ते म्हणाले, "ते सगळे घाटावर आले असतील. मी हाकच मारली नाही."

माघात ते गेले. फार आजारी नव्हते. मी त्यांच्या फोटोला बासष्ट क्रमांक दिला आणि मागे पेन्सिलनं नाव, गाव, काम, सगळं लिहिलं.

या वर्षी महालयाला मी एकटी गेले. पिशवी नेहमीसारखी भरली, वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मुली आता करतात, असं म्हणून भटचारजीमोशायांनी मला पाण्यात घेतलं. बापूंचं नाव पहिलं घेतलं. मग आई, मग त्या चौदांतली माणसं, त्या पाच पानांतली माणसं. भागीरथीआत्या आणि राघू आचारी नावानं उरले आहेत, त्यांनाही ओंजळ दिली, पण कुठल्या चेहऱ्याला दिली ते मला माहीत नाही. वहीचं पान उलटलं. पुढे क्रमांक होते, प्रकार होता, स्थिती होती. एकेकटी स्त्री, उभी, फोटो चांगला. जोडपं, बसलेलं, कडा फाटलेली.

"आर कोतो, दीदी?" त्यांनी विचारलं.

मागे रांग होती. मी वही मिटून काखेत धरली आणि म्हटलं, "एकच."

त्यांनी तो मंत्र सांगितला, मी मागून म्हटला. एक ओंजळ पाणी. बापूंना दीड तास लागायचा. मी वीस मिनिटांत वर आले.